पालकाचा रकाना

सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७

विचुंब्याचा काशिराम भोईर आज पनवेलला येऊन पुतणीचा दाखला घेऊन गेला. मैना धर्मराज भोईर, अकरावी. मुलगी हुशार. गणिताचे मास्तर तिची वही वर्गात फिरवतात, तेव्हा मुलगे माना खाली घालतात. आणि एस.एस.सी.चे फॉर्म पाठवायला जेमतेम महिना राहिलेला! मी विचारलं, "आत्ताच कशाला काढता?" म्हणाला, "लगीन ठरलाय माघान." मग काय बोलणार? रजिस्टर उघडलं. पालकाच्या रकान्यात त्याचंच नाव. अर्जावरची सही रजिस्टरातल्या सहीशी ताडून पाहिली. शाळा सोडण्याचं कारण — घरगुती. वर्तणूक — चांगली. दहा मिनिटांत दाखला तयार, हेडमास्तरांची सही, शिक्का.

विचुंब्याहून अकरावीपर्यंत आलेली ही पहिलीच मुलगी. जरा वाईट वाटलं. पण पालकाने मागितला, कारकुनाने दिला. आपण मध्ये बोलणारे कोण?

नवी निब चांगली चालते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

शाळा भरायच्या आधीच एक बाई दारात उभी. सोनाबाई — मैनाची आई. पायांवर वाटेची धूळ, पदर डोक्यावर, आवाज मात्र अगदी थंड. रागावलेलं माणूस परवडतं, हे असलं शांत माणूस परवडत नाही.

"मास्तर, माझे पोरीचा दाखला तुमी दिलाव?"

मी मास्तर नाही, कारकून. पण गावाकडून येणाऱ्याला शाळेत खुर्चीवर बसलेला प्रत्येक जण मास्तरच. म्हटलं, "पालकांनी नेला."

"पालक कोन?"

"काशिराम भोईर."

"तो माझा दीर. मी आय हाय तिची. मना कोनी इचारला नाय."

मी रजिस्टर काढून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही हे ठाऊक असून! पण माझा भरवसा रजिस्टरावर. बोट ठेवून सांगितलं, इथे लिहिलंय. तिने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं.

"कोनी लिवलाय?"

"मी."

"मंग तुमीच खोडा."

आणि निघून गेली. मी रजिस्टर उघडंच ठेवून बसलो. हजेरीपत्रकं आज उशिरा गेली.

बुधवार, २० नोव्हेंबर

आठवलं सगळं. कालच आठवलं होतं, पण लिहायला हात धजला नाही.

जून १९५४. मैना आठवीत आली तेव्हा दोघे आले होते — बाप धर्मराज आणि चुलता काशिराम. "पालक कोण?" असं मी विचारलं, तर धर्मराज पुढे झाला. मी पेन पुढे केलं. तो म्हणाला, अंगठा देतो. मी म्हटलं, "घरात कोणाला सही येत नाही का?" धर्मराज मागे सरला, काशिराम पुढे आला. झालं, तोच पालक.

हे काही एकट्या मैनाच्या बाबतीत नाही. खेड्यातून येणाऱ्या मुलांचं मी हेच करत आलो. ज्याला सही येते तो पालक. कोणाचा मामा, कोणाचा शेजारी, एकाचा तर गावचा पोस्टमन! कारण काय, तर अंगठ्याचा डाग पानावर फुटतो, मागच्या पानावर उठतो, आणि माझ्या रजिस्टराची तारीफ इन्स्पेक्टरसाहेब दर वर्षी करतात. दुसऱ्याच वर्षी धर्मराज वारला. तेव्हाही रकाना बदलावा असं मनात आलं नाही. आलं असतं तरी कोणी अर्ज केला होता?

माझ्या टापटिपीपायी त्या बाईचं आईपण कागदावरून गेलं. लाज वाटते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

हेडमास्तरांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, पण भांडणाचा वास आला की खिडकी लावून घेणारा. म्हणाले, "टिपणीस, एका मुलीचे दोन पालक झाले की शाळा मध्ये चेंगरते. रजिस्टर म्हणजे रजिस्टर."

म्हटलं, "रजिस्टर मीच लिहिलंय, सर. चूक माझी."

"मग तर बोलूच नका!" नंतर जरा मऊ झाले. "कायद्याचा कागद आणा. तोंडी काही नको. आणि सोळा डिसेंबर ध्यानात ठेवा. त्या दिवशी फॉर्म टपालात पडले पाहिजेत. सतरा तारखेला ब्रह्मदेव आला तरी मला काही करता येणार नाही."

मैनाचं नाव पटावर नाही, म्हणजे फॉर्म नाही. पटावर यायला पालकाचा अर्ज हवा. पालक काशिराम. वर्तुळ पुरं झालं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर गुप्ते वकिलांकडे. जेवून आरामखुर्चीत पडले होते. मी सगळं सांगेपर्यंत डोळे मिटलेले, मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले, "गेल्याच साली कायदा झालाय की!" आणि उठून पुस्तक काढलं. अज्ञान, म्हणजे कायद्याने लहान, मुलाचा पालक आधी बाप, बापाच्या मागे आई. "चुलत्याचं नाव औषधालाही नाही. शाळेच्या रजिस्टरात नाव घातलं म्हणून कोणी पालक होत नाही, टिपणीस. तुम्ही उद्या तुमच्या शिपायाचं नाव घालाल!"

मला म्हणाले, बसा आणि मराठीत उतरवून घ्या, हेडमास्तरांना इंग्रजी दाखवलंत तर ते आणखी घाबरतील. सुरुवातीपासून उतरवायला लावलं — व्याख्या, अर्थ, सगळं. माझा जीव सहाव्या कलमात अडकलेला. बापाच्या मागे आई. ती ओळ मी दोनदा लिहिली, एकदा कागदावर आणि आता इथे.

घरी येताना मासळीबाजारातून करंद्या घेतल्या. ही म्हणाली, आज स्वारी खुशीत दिसते.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सोनाबाई आली. निरोप शिवा शिपायाबरोबर धाडला होता. अर्ज मी लिहिला, तिला वाचून दाखवला. "मी मैनाची आई व नैसर्गिक पालक असून माझ्या संमतीवाचून दाखला देण्यात आला, तो रद्द समजून माझ्या मुलीस पटावर घ्यावे." तिने मध्येच थांबवलं. "नैसर्गिक म्हंजे?"

"म्हणजे कोणी न नेमता, आपोआप."

"हां," म्हणाली. "तसाच लिवा."

शाईच्या गादीवर अंगठा मीच दाबून घेतला. ठसा स्वच्छ उमटला, एक रेघही फुटली नाही. इतकी वर्षं कशाला घाबरत होतो कोण जाणे.

हेडमास्तरांनी अर्ज घेतला, कायद्याचा उतारा वाचला, आणि दोन्ही अलिबागला पाठवले — शिक्षण खात्याचा सल्ला मागवला! गुप्ते म्हणतात, काही गरज नव्हती. पण हेडमास्तर ताकही फुंकून पिणारे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

अलिबागहून काही नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

काशिराम आला. मी मनातून तयारी केली होती — ओरडेल, टेबलावर हात आपटेल. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसला.

"भाऊसाहेब, तुमी आमचे घरान भांडान लावलाव."

मी म्हटलं, भांडण नाही, कायदा आहे.

"कायदा असंल. मी तिचा वाईट करतंय काय? भाऊ गेला तवापासून शेत मी बगतंय, पोरीला शालंत मी धाडलाय. पोरगा जासईचा, गोदीन कामाला, सातवी शिकलाय. मॅट्रिकची पोरगी त्याची आयस घेनार नाय. सांगा, फार्म भरला, पास झाली, मंग तिला करनार कोन? आमचे बिरादरीन मॅट्रिक पोरगा दावा मना एक तरी."

खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यात तथ्य होतं आणि तेच मला आवडलं नाही. म्हटलं, "निदान वहिनीला विचारायचं होतंत."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. "त्यो माझा चुकलाय," म्हणाला, आणि गेला.

बुधवार, ४ डिसेंबर

मैना आज भूमितीच्या तासाला व्हरांड्यात बसली होती. खिडकीखाली, वही मांडीवर. पटावर नाव नाही म्हणून वर्गात बसता येत नाही. व्हरांड्यात बसू नये असा नियम मी शोधला, सापडला नाही. मास्तरांनी फळा खिडकीच्या बाजूला सरकवला. हेडमास्तर त्या वेळी फेरी घालतात. आज त्यांनी दुसरा जिना धरला.

सुटीत तिला म्हटलं, "घाबरू नकोस. आईचा अर्ज गेलाय, निकाल येईल." "हो, सर," म्हणाली. तेवढंच. शाळेत अगदी पुस्तकातलं बोलते, आणि तेही मोजकं. मुलखाची अबोल मुलगी.

शनिवार, ७ डिसेंबर

तीन दिवस व्हरांड्यात. आज आली नाही. शिवा म्हणतो, भाताची झोडणी चालू आहे त्यांच्याकडे.

मंगळवार, १० डिसेंबर

अलिबागचं उत्तर आलं! बापाच्या पश्चात आई हीच पालक. तिचा अर्ज ग्राह्य धरावा, रजिस्टरात दुरुस्ती करावी, मूळ दाखला परत घेऊन मुलीस पटावर घ्यावे. चार ओळी, खाली सही वाचता येत नाही अशी. असली देखणी सही मी आयुष्यात पाहिली नाही!

हेडमास्तरांसमोर काशिरामचं नाव खोडलं. वर लाल शाईने — सोनाबाई धर्मराज भोईर, आई. हेडमास्तर म्हणाले, "शाबास, टिपणीस." चौदा वर्षांत दुसऱ्यांदा.

आता फक्त तिने दाखला परत आणायचा आणि फॉर्मवर अंगठा द्यायचा. शिवाबरोबर निरोप धाडला.

गुरुवार, १२ डिसेंबर

कोणी आलं नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

आजही नाही. बाकी सगळे फॉर्म तयार करून दोऱ्याने बांधले. मैनाचा वेगळा ठेवलाय, दोन रकाने सोडून पुरा भरलेला. शिवाला विचारलं, निरोप नीट दिलास ना? म्हणाला, बाईलाच दिला, बाई "बरा" म्हणाली.

उद्या स्वतः जातो. शाळेचा कारकून खेड्यात घरी जाऊन फॉर्म भरून आणतो असं कधी ऐकलं नाही. पण चूक कोणाची होती?

रविवार, १५ डिसेंबर

सकाळीच सायकल काढली. थंडी चांगली पडलीय. गाढी नदीच्या पात्रात पाणी घोट्याएवढं, सायकल खांद्यावर घेऊन पार झालो. खिशात अलिबागचं पत्र, कायद्याचा उतारा, फॉर्म आणि शाईची गादी. वरात निघावी तसा निघालो होतो, आता लिहिताना हसू येतं.

अंगणात भाताच्या राशी. ओट्यावर काशिराम बसलेला, सोनाबाई खाली सूप घेऊन पाखडत होती. दोघांनी "या, बसा" केलं. काशिरामने स्वतः घोंगडी अंथरली. हे मला चमत्कारिक वाटलं, पण मी माझ्याच तोऱ्यात. पत्र वाचलं. मग उतारा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. बाईला आपला हक्क पुरता कळावा म्हणून एक शब्द गाळला नाही. मैना आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझं वाचन संपेपर्यंत तो हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली.

सोनाबाईने सगळं ऐकलं. सूप बाजूला ठेवलं.

"कागूद आला त्यो बरा झाला, मास्तर. तुमचे उपकार हायेत. आठ दिस झाले, दीर माझे फुडं येऊन बसला. बोलला, वयनी, माझी चुकी झाली, तुला इचारला पायजे होता. हा दाखला तुझेकडं ठेव, आनि सांग, पोरगी जासईला द्यायची का नाय. मी बोलले, द्यायची."

मला कळेना. म्हटलं, "मग फॉर्म?"

"फार्म नको आता."

"अहो, पण तुम्हीच तर पनवेलपर्यंत चालत आलात! तुमच्यासाठी अलिबागला—"

"मना इचारला नव्हता," ती म्हणाली. "आता इचारला."

बस्स. इतकं सरळ. मी महिनाभर समजत होतो की ही बाई मुलीच्या परीक्षेसाठी भांडतेय. तसं ती एकदाही म्हणाली नव्हती! अर्जसुद्धा मीच लिहिला. पटावर घ्यावे हे माझे शब्द. ती भांडत होती ते तिला डावललं म्हणून. परीक्षा मी माझ्या पदरची घातली.

चहा घेतला. काशिराम नदीपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "वाईट वाटून घेव नका." मैनाकडे मी निघताना पाहिलं. ती तांब्या घासत होती. तिला काय म्हणणार? पालकाच्या रकान्यात आता आई आहे, लाल शाईने, माझ्याच हातची. आईने नाही म्हटलं.

घरी आल्यावर हिला सांगितलं. रडकुंडीलाच आलो होतो. ही भाजी चिरत होती, तशीच चिरत राहिली. "हक्क बाईचा होता ना? तो तिला मिळाला. आता तिने तो कसा वापरावा, हेही तुम्हीच ठरवणार?"

जेवण गोड लागलं नाही. नियम माझ्या बाजूने असताना मी हरलो, असं प्रथमच झालं. उद्या सोळा. बाकीचे फॉर्म टपालात टाकायचे. मैनाचा फाडवत नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

साडेदहाला मैना आली. एकटी, चालत. दाखला उलगडून माझ्यापुढे ठेवला.

"जन्मतारीख बगा, सर."

एक जून १९३९. गावच्या मास्तराने अंदाजाने घातलेली. आमच्या निम्म्या शाळेचा जन्म एक जूनचा. पण दाखल्यावर आहे तीच कायद्याला खरी. मी, हेडमास्तर, गुप्ते, अलिबाग — महिनाभर सगळे तिचा पालक शोधत होतो. शेजारच्या रकान्याकडे एकानेही पाहिलं नाही.

"काल तुमी वाचलाव. अठरा पुरी झाली का अज्ञान नाय. मना जूनान झाली." माझ्याशी ती प्रथमच घरच्या बोलीत बोलली. "मंग सही मी केली तर चालंल ना?"

मी विचारलं, "आईला विचारून आलीस?"

"नाय. सांगून आलंय."

"आणि दाखला?"

"आयचे पेटीन होता. मी काढला. आय बगीत होती."

"काही बोलली?"

"नाय."

हेडमास्तरांनी उतारा दोनदा वाचला, दाखला दोनदा पाहिला, आणि पटावर घेतल्याची सही केली. फॉर्म दुपारच्या टपालाने गेला.

नंतर रजिस्टर काढलं. सोनाबाईचं नाव खोडलं. खोडताना हात जड झाला, खोटं कशाला लिहू. वर लिहिलं — स्वतः.